माटवीची बाग आणि राईची शिस्त

(दोडामार्ग येथील कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



पर्यावरणावर बोलायचे म्हटले की वक्ता बहुधा उत्तर ध्रुवावरील वितळणाऱ्या बर्फापासून सुरुवात करतो. मी आपल्या बाजारापासून करतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारपेठेत रस्त्याच्या दुतर्फा माटवीच्या सामानाचे वाटे मांडलेले असतात. कवंडळे, कांगणीचे घोस, वाघनखीची फुले, आंब्याचे टाळ, सुपारीचे घड. आपण घासाघीस करतो, पिशवी भरतो आणि घरी येऊन ते सारे गणपतीच्या डोक्यावर बांधतो. आपल्या आजोबांच्या काळात हे सामान पैसे देऊन आणण्याची कल्पना कोणाच्या मनात आली नसती. घरातील मुले वडीलधाऱ्यांबरोबर परड्यात आणि रानात जात, जे लागेल ते तेवढेच तोडून आणत, आणि केवणीच्या सालीच्या दोरीने माटवी सजे. कोणता वेल कोणत्या बांधावर आहे, हे त्या मुलांना शाळेत न जाता कळत असे.

माटवी ही केवळ आरास नाही. शेत, परडे, बागायत आणि रान यांनी वर्षभरात जे दिले, ते देवासमोर टांगून दाखवण्याची ही रीत आहे. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर ती आपल्या वाडीच्या निसर्गाची वार्षिक हजेरी आहे. २००२ साली आपल्या देशात जैविक विविधता कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि लोकांच्या सहभागातून लोकजैवविविधता नोंदवही तयार व्हावी, अशी तरतूद आहे. कायद्याला आज जी नोंदवही हवी आहे, ती आमच्या पूर्वजांनी लाकडी चौकटीला बांधून ठेवली होती. प्रश्न एवढाच आहे की, या हजेरीत आज गैरहजर कोण कोण आहे, हे आपण कधी मोजले आहे काय?

बदलते ऋतू

हवामान बदलत आहे हे सांगण्यासाठी आता कोणा शास्त्रज्ञाला बोलावण्याची गरज राहिलेली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तिलारीच्या पुराने काठच्या गावांना तडाखा दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'क्यार' वादळाच्या पावसाने कापणीला आलेले भात आडवे झाले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आले. २०२५ साली तर मोसमी पाऊस २५ मे रोजीच जिल्ह्यात येऊन ठेपला. रातांबे उतरवून, फोडून, आगळ आणि सोले करण्याचे ते दिवस. ज्या घरांचा वर्षाचा वरखर्च त्या सोलांवर चालतो, त्या घरांनी काय सोसले, हे येथे बसलेल्या भगिनींना मी सांगायला नको.

आणि या साऱ्या जलमयतेच्या दुसऱ्या टोकाला आपला एप्रिल महिना आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात वाड्या-वाड्यांतील विहिरी तळ दाखवू लागतात. पाऊस कमी पडत नाही. तो थांबत नाही. डोंगरावरचे जुने रान, त्याखालचा पातेऱ्याचा थर आणि पाणथळ जागा हे पाणी धरून ठेवत असत. ते रान विरळ झाले की पाणी जांभ्यावरून धावत थेट समुद्र गाठते.

देवाच्या राईने काय राखले?

आता तालुक्यातीलच एक गोष्ट सांगतो. हेवाळे-बांबर्डे परिसरातील एका राईत काही वर्षांपूर्वी अभ्यासकांना जायफळाच्या कुळातील दुर्मीळ वृक्षांचे गोड्या पाण्याच्या दलदलीत वाढणारे जंगल आढळले. वनस्पतिशास्त्रात त्याला 'मायरिस्टिका स्वॅम्प' म्हणतात. या जंगलातील काही झाडांना खोडापासून निघून चिखलात रोवलेली आधारमुळे असतात, तर काहींची मुळे गुडघा वाकवल्यासारखी चिखलाबाहेर येऊन श्वास घेतात. ही सृष्टीतील अतिप्राचीन वनांची शिल्लक मानली जाते. तोवर असे जंगल केरळ, कर्नाटक आणि गोव्यात ठाऊक होते. महाराष्ट्रातील ही पहिलीच नोंद. पुढे राज्य शासनाने जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७ अन्वये त्या जागेला 'जैवविविधता वारसा स्थळ' घोषित केले.

हे जंगल इतकी शतके राखले कोणी? तेथे ना तारेचे कुंपण होते, ना पहारेकरी. ती देवाची राई होती, म्हणून ती राहिली. सीमेपलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, बांबर येथे, अशाच दलदलीचे जंगल आहे आणि त्याचेही नाव 'निरंकाराची राई' असेच आहे. राज्याच्या सीमा बदलल्या, राजवटी बदलल्या, पण दोन्हीकडच्या माणसांनी देवाला दिलेला शब्द पाळला. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा शास्त्रीय अभ्यास जगापुढे मांडला, तेव्हा ज्याला अनेक सुशिक्षित अंधश्रद्धा म्हणून हसत होते, त्यातील शहाणपण विद्वानांच्या ध्यानी आले.

श्रद्धेमागची शिस्त

परंतु येथेच आपण स्वतःला एक अप्रिय प्रश्न विचारला पाहिजे. आपण परंपरेचा अभिमान बाळगणारी माणसे आहोत; तो अभिमान आपल्याला डोळस करतो की आंधळा?

राई नुसत्या भक्तीने राहिली नाही. तिच्यामागे नियम होते. राईतील वाळकी काठीसुद्धा चुलीसाठी घरी न्यायची नाही. देवाच्या कामासाठी झाड लागलेच तर गावाने एकत्र बसून, देवाचा कौल घेऊन निर्णय करायचा. नियम मोडणारा कितीही मोठा असला तरी गावापुढे उत्तर द्यायला बांधील असे. श्रद्धेला गावऱ्हाटीच्या शिस्तीची जोड होती. आज श्रद्धा वाढलेली दिसते. शिस्त मात्र सुटली आहे. जुन्या कौलारू देवळाचा जीर्णोद्धार निघतो, मुंबईकर चाकरमानी सढळ हाताने वर्गणी पाठवतात, आणि सभामंडप व मोटारी लावण्याची फरसबंद जागा यांसाठी त्याच देवाची राई तोडली जाते. कोकणात असे एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. देऊळ संगमरवरी झाले आणि देव उन्हात बसला!

तीच गोष्ट जमिनीची. तालुक्यातील कितीतरी रान खासगी मालकीचे आहे. रबराच्या आणि अननसाच्या लागवडीसाठी डोंगरच्या डोंगर उघडे झाले. बाहेरच्यांनी येऊन जमिनी घेतल्या, अशी तक्रार आपण करतो. पण खरेदीखतावर विकणाऱ्याची सही आपलीच असते. २००२ मध्ये कर्नाटकातून रानटी हत्ती या तालुक्यात उतरले, त्यांनी माड, पोफळी आणि केळी भुईसपाट केल्या. २०१६ मध्ये केर गावातून माकडतापाची साथ सुरू झाली आणि काजूच्या बागेत जायलाही माणसे धास्तावली. रानाचे तुकडे पडले की रानाचे त्रास उंबऱ्यापर्यंत येतात, हे आपण अनुभवले आहे. न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीला मनाई केली, मार्च २०२४ मध्ये येथील पंचवीस गावांविषयी आदेशही दिले. न्यायालय आपले काम करील. पण घरामागच्या परड्यात काय वाढावे, हे कोणतेही न्यायालय ठरवू शकत नाही. ते आपल्यालाच ठरवायचे आहे.

वाडीची बाग

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. प्रत्येक वाडीने एक 'माटवीची बाग' उभी करावी. जागा पाच गुंठ्यांची चालेल. देवळाची, शाळेची किंवा कोणी स्वखुशीने दिलेली. मात्र ती वापरण्याचे ठरल्यावर लेखी संमती घ्यावी, म्हणजे पुढे वाद होत नाहीत.

पहिले काम कुदळीचे नसून वहीचे आहे. येत्या चतुर्थीला वाडीतील दोन मुलांनी घरोघर जाऊन प्रत्येक माटवीत काय काय बांधले आहे आणि ते कोठून आले, एवढे लिहावे: परड्यातून, रानातून की बाजारातून. आजीला विचारावे की, पूर्वी काय बांधत होतो आणि आता काय मिळत नाही. ही यादी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे द्यावी. जे बाजारातून आले आणि जे मिळेनासे झाले, त्याची आपल्या बागेत लागवड करावी.

कुंपणाला केवण आणि वेलींसाठी आधार; कडेला बेल, आवळा, रातांबा, निरफणस; मध्ये महाळुंग, पोफळी आणि तिच्यावर मिरी; पावसाळ्यात मांडवावर तवशी, पडवळ, दोडकी; जमिनीखाली सुरण, हळद, आले. वाडीतील पातेरा जाळू नये, तो बागेत आणून कुजवावा. पाण्यासाठी पावसाळा सरताच, वहाळाचा प्रवाह अजून वाहता असताना, रिकाम्या सिमेंटच्या पिशव्यांत माती भरून वनराई बंधारा घालावा. एका रविवारी तीस माणसे उतरली तर दुपारच्या जेवणापर्यंत तो उभा राहतो, आणि जवळच्या विहिरीलाही त्याचा आधार होतो.

तीन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. रानातून रोपे उपटून आणू नयेत; बी आणून रोप करावे. लवकर वाढतो म्हणून अकेशिया लावू नये. आणि स्पर्धा घेतलीच तर कोणी किती जिन्नस टांगले यावर नव्हे, तर स्वतः लावलेले किती टांगले यावर बक्षीस द्यावे. शेजारच्या गोव्यात शासनाच्या कला व संस्कृती खात्यातर्फे माटोळीची स्पर्धा होते, त्यातून नव्या पिढीला वनस्पतींची ओळखही होते. पण चढाओढीच्या भरात रान ओरबाडले जाऊ नये, ही दक्षता आपण आधीच घेतलेली बरी.

काही शंका

कोणी म्हणेल, माकडे आणि हत्ती काय शिल्लक ठेवणार? शंका रास्त आहे. म्हणूनच केळीचा आग्रह मी धरला नाही. हळद, आले, मिरी, सुरण यांना माकडे फारसा हात लावत नाहीत. तेथून सुरुवात करावी. कोणी विचारील, पाच गुंठ्यांच्या बागेने पृथ्वीचे तापमान कमी होणार काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. डोंगरावरचे उभे रान जेवढा कर्ब धरून ठेवते, त्याच्याशी आपल्या रोपांची तुलनाच होऊ शकत नाही. म्हणून क्रम असा: जी राई उभी आहे तिला प्रथम जपायचे, नंतर नवे लावायचे. वनमहोत्सवात शंभर रोपे लावून त्याच महिन्यात पाऊणशे वर्षांचा कुंभा तोडणे, हा हिशेब आतबट्ट्याचा आहे.

मग बाग कशासाठी? वादळ आल्यावर वाडीकडे स्वतःचे बी असावे म्हणून. उन्हाळ्यात चार घागरी पाणी अधिक राहावे म्हणून. आणि ज्या वाडीत दोन भावांच्या घरांमध्ये बांधावरून कज्जे चालू आहेत, तेथे एकाच आळ्याला दोघांनी पाणी घालावे म्हणून. संघाच्या शताब्दीनिमित्त पंच परिवर्तनाचा जो विषय आपल्यासमोर आला, त्यात पर्यावरण आणि समरसता, कुटुंब प्रबोधन आणि स्वदेशी वेगवेगळे सांगितले असले, तरी अशा बागेत ते सारे एकाच मातीत उगवतात. बागेत सर्व घरांनी राबावे, देवळात मान कोणाचा हा प्रश्न बागेच्या कुंपणाबाहेर ठेवावा. तसे झाले नाही, तर ती बाग वाडीची न राहता चार घरांची होईल आणि दोन पावसाळ्यांत सुकून जाईल.

शेवटी एकच. आपल्या गावात देवासमोर गाऱ्हाणे घातले जाते. गावकर वाडीचे, गुराढोरांचे, लेकराबाळांचे क्षेम मागतो आणि आपण सारे एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. ते म्हणताना आपण केवळ मागत नाही, शब्दही देत असतो. पुढच्या जत्रेत गाऱ्हाण्याला राईचे आणि वहाळाचे क्षेम जोडून घ्या. आणि 'व्हय म्हाराजा' म्हणण्यापूर्वी आपल्या घरामागे, त्या शब्दाला जागेल असे एक रोप उभे आहे ना, एवढे पाहून या.

वंदे मातरम्!