मैदान आणि वर्ग : प्रशिक्षिका पॅट समिट यांची कारकीर्द



शिक्षणसंस्थेतील क्रीडा-प्रशिक्षकाचे काम साधारणतः कार्यालयातील कपाटात मांडलेल्या ढाली आणि चषक मोजून जोखले जाते. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षिका पॅट समिट यांचे काम या मापानेही फार मोठे ठरते. १९७४ ते २०१२ अशी अडतीस वर्षे त्यांनी या एकाच संघाची धुरा वाहिली. या काळात त्यांच्या संघाने १,०९८ सामने जिंकले व २०८ गमावले. राष्ट्रीय अजिंक्यपद आठ वेळा पटकावले. त्या निवृत्त झाल्या तेव्हा अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत कोणत्याही पुरुष वा स्त्री प्रशिक्षकाच्या नावावर इतके विजय नव्हते. हा उच्चांक पुढे इतरांनी ओलांडला आणि तसे होणे क्रीडाक्षेत्राच्या रीतीला धरूनच आहे.

परंतु त्यांच्या कारकीर्दीत आणखी एक नोंद आहे. त्यांच्या संघात महाविद्यालयीन खेळाची पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक विद्यार्थिनी पदवीधर होऊनच बाहेर पडली. अडतीस वर्षांत या नियमाला अपवाद झाला नाही. शिक्षक, अधिकारी व लोकप्रतिनिधी यांनी विचार करावा अशी ही गोष्ट आहे.

शेतावरील बालपण

पॅट्रिशिया स्यू हेड यांचा जन्म १४ जून १९५२ रोजी टेनेसी राज्यातील क्लार्क्सव्हिल येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांत त्या चौथ्या. तिघे भाऊ वडील, एक बहीण धाकटी. घरी दुभती जनावरे होती, तंबाखूचे पीक होते. मुलगी म्हणून पॅटला कामातून सवलत नव्हती. गवत कापणे, गोठ्यातील कामे करणे, ट्रॅक्टर चालविणे ही कामे भावांच्या बरोबरीने करावी लागत. रात्री जेवणे आटोपल्यावर ही भावंडे गवत साठविण्याच्या माळ्यावर चढत आणि तेथे टांगलेल्या कड्यात चेंडू टाकण्याचा खेळ रंगे. दोन भावांविरुद्ध तिसरा भाऊ व पॅट अशी जोडी असे. बहिणीला कोणी हलक्या हाताने खेळवीत नसे.

मुलगी माध्यमिक शाळेत जाण्याच्या वयाची झाली तेव्हा अडचण उभी राहिली. त्या भागातील शाळेत मुलींचा बास्केटबॉल संघच नव्हता. वडील रिचर्ड हेड हे मितभाषी व कडक शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांनी यावर भाषण केले नाही, की अर्जविनंत्याही केल्या नाहीत. त्यांनी बिऱ्हाड जवळच्या हेन्रिएटा या गावी हलविले, कारण त्या भागाच्या शाळेत मुलींचा संघ होता. मुलाच्या शिक्षणासाठी घर बदलणारे पालक सर्वत्र आढळतात. मुलीच्या खेळासाठी १९६० च्या दशकात घर बदलणारा शेतकरी विरळाच म्हटला पाहिजे.

कायद्याने उघडलेले दार

पॅटच्या भावांना महाविद्यालयात क्रीडा-शिष्यवृत्ती मिळाली होती. पॅट मार्टिन येथील टेनेसी विद्यापीठाच्या शाखेत दाखल झाल्या, तेव्हा मात्र मुलींसाठी अशी शिष्यवृत्ती नव्हती. शिक्षणाचा खर्च आईवडिलांनी सोसला. एकाच घरात, एकाच माळ्यावर शिकलेल्या मुलामुलींना संस्था दोन मापे लावीत होत्या.

या परिस्थितीत २३ जून १९७२ रोजी महत्त्वाचा बदल झाला. त्या दिवशी संमत झालेल्या शिक्षणविषयक कायद्यातील नववे प्रकरण अमेरिकेत ‘टायटल नाईन’ या नावाने ओळखले जाते. संघीय शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक कार्यक्रमातून कोणासही केवळ स्त्री वा पुरुष असल्याच्या कारणावरून वगळता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. या मूळ कलमात खेळाचा उल्लेखही नाही. पण क्रीडा हा शिक्षणाचाच भाग असल्यामुळे मैदानालाही ते लागू झाले. १९७५ मध्ये त्याखालील नियम अंमलात आले आणि महाविद्यालयांना पूर्ततेसाठी तीन वर्षांची मुदत मिळाली.

कायदा झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी मैदाने मुलींनी फुलली, असे अर्थातच घडले नाही. कायदा दार उघडतो. आत माणसे बसविण्याचे काम कोणाला तरी वर्षानुवर्षे करावे लागते.

महिना अडीचशे डॉलर

१९७४ मध्ये पॅट नॉक्सव्हिल येथील टेनेसी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत साहाय्यक म्हणून काम करण्यासाठी आल्या. तोच आधीच्या मुख्य प्रशिक्षिकेने पद सोडले आणि संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांचे वय होते बावीस वर्षे. संघातील काही खेळाडू त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान होत्या. मानधन होते महिना २५० डॉलर. खेळाडूंच्या गणवेशासाठी आदल्या वर्षी डोनट विकून पैसे उभे करावे लागले होते. ते गणवेश प्रशिक्षिका स्वतः धूत. परगावच्या सामन्याला जाताना संघाची मोटारही त्याच चालवीत. मुक्कामाला खोल्या परवडत नसत, तेव्हा प्रतिस्पर्धी महाविद्यालयाच्या व्यायामशाळेत जमिनीवर गाद्या टाकून संघाने रात्र काढल्याचीही नोंद आहे.

पहिला सामना मर्सर विद्यापीठाविरुद्ध झाला आणि तो ८३ विरुद्ध ८४ असा अवघ्या एका गुणाने गेला. आरंभीच्या सामन्यांना प्रेक्षक पन्नासच्या आसपास असत. पण त्या पहिल्याच हंगामाच्या अखेरीस संघाच्या खात्यावर सोळा विजय आणि आठ पराभव होते.

याच काळात त्या आणखी एक लढा देत होत्या. पदवीच्या शेवटच्या वर्षी खेळताना त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली होती आणि पुन्हा खेळण्याची आशा अनेकांनी सोडली होती. अभ्यास, अध्यापन, प्रशिक्षण आणि स्वतःचा व्यायाम असा चौपदरी दिनक्रम त्यांनी चालविला. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. त्यात रौप्यपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघाच्या त्या सहकर्णधार होत्या. आठ वर्षांनी, १९८४ मध्ये, लॉस एंजेलिस येथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन महिला संघाच्या प्रशिक्षिकाही त्याच होत्या. मधल्या काळात, १९८० मध्ये, विवाहानंतर त्या पॅट समिट या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

अर्ध्या मैदानाचा खेळ

त्या काळी टेनेसीतील शाळांमध्ये मुलींचा बास्केटबॉल वेगळ्या नियमांनी खेळला जाई. एका संघात सहा मुली असत. तिघी मैदानाच्या एका भागात केवळ चढाई करीत व तिघी दुसऱ्या भागात केवळ बचाव. मधली रेषा ओलांडण्यास मनाई होती. संपूर्ण मैदानावर धावण्याचा ताण मुलींच्या शरीराला झेपणार नाही, या जुन्या समजुतीतून असे नियम रूढ झाले होते.

बचावाच्या बाजूस ठेवलेली मुलगी शाळेची सारी वर्षे खेळूनही बास्केटमध्ये चेंडू टाकण्यास शिकत नसे. महाविद्यालयात मात्र खेळ पाच जणींचा आणि पूर्ण मैदानाचा होता. म्हणजे शिष्यवृत्तीचे दार नुकतेच किलकिले होत असताना या राज्यातील मुली अर्धे कौशल्य घेऊनच तेथे पोहोचत. एका शालेय खेळाडूने १९७६ मध्ये या नियमांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. वरच्या न्यायालयात तिला यश आले नाही. परंतु लोकमत जागे झाले होते. समिट यांनीही पूर्ण मैदानाच्या खेळाचा आग्रह धरला. अखेर १९७९ मध्ये टेनेसीतील शाळांनी पाच जणींचा खेळ स्वीकारला. माळ्यावर भावांशी पूर्ण ताकदीने खेळलेल्या मुलीला अर्धे मैदान मान्य होणे शक्यच नव्हते.

पहिल्या तीन रांगा

समिट यांची शिस्त कडक होती आणि तिचा आरंभ व्यायामशाळेत नव्हे, तर वर्गात होई. प्रत्येक खेळाडूने वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसावे आणि तास बुडवू नये, असा नियम होता. तास बुडविणाऱ्या खेळाडूला सामन्यात उतरता येत नसे, मग ती संघाची आघाडीची खेळाडू का असेना. खेळात नाव झाले की अभ्यासाकडे काणाडोळा करण्याची सवलत अनेक संस्था देतात. ही सवलत वस्तुतः विद्यार्थ्याचे नुकसान करते, कारण खेळाची वर्षे थोडी असतात आणि पुढचे आयुष्य मोठे असते.

मैदानावरही त्यांचा भर चमक दाखविण्यापेक्षा कष्टाच्या कामावर असे. चढाईने प्रेक्षक खूष होतात, बचावाने सामने जिंकले जातात आणि बास्केटवरून उसळलेला चेंडू झगडून ताब्यात घेण्याने अजिंक्यपदे मिळतात, अशी त्यांची शिकवण होती. स्वतःचा व इतरांचा आदर राखा, जबाबदारी पूर्णपणे स्वीकारा, अशा बारा सूत्रांत त्यांनी संघाची आचारसंहिता बांधली होती. सरावात मुलींच्या विरुद्ध विद्यार्थी पुरुषांचा संघ उतरविला जाई. समिट यांच्या करड्या नजरेचा धाक प्रसिद्ध होता आणि त्यांच्या कठोरपणावर टीकाही होत असे. परंतु मुलींकडून कमी अपेक्षा ठेवणे हाही त्यांना कमी लेखण्याचाच प्रकार आहे, हे त्यांच्या साऱ्या पद्धतीचे मर्म होते.

तेरा हंगामांची प्रतीक्षा

आज आठ अजिंक्यपदांचा आकडा वाचताना एक गोष्ट सहज विसरली जाते. पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळण्यास तेरावा हंगाम उजाडावा लागला. त्यापूर्वी अनेकदा संघ शेवटच्या चार संघांत पोहोचला आणि रिकाम्या हाताने परतला. १९८७ मध्ये लुइझियाना टेक संघाला ६७ विरुद्ध ४४ असे हरवून टेनेसीने पहिले अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर १९८९, १९९१, १९९६, १९९७, १९९८, २००७ व २००८ ही विजयाची वर्षे ठरली.

यांतील दोन वर्षे विशेष उल्लेखनीय आहेत. १९९७ च्या हंगामात संघाने दहा सामने गमावले होते. तरीही तो खचला नाही आणि शेवटी विजेता ठरला. पुढच्याच वर्षी एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस सामने जिंकण्याचा विक्रम त्याने केला. या तीन सलग अजिंक्यपदांत सहभागी असलेल्या शमिक होल्ड्सक्लॉ, तसेच तमिका कॅचिंग्ज व कॅन्डेस पार्कर या पुढे जगभर नावाजलेल्या खेळाडू याच शाळेत घडल्या. पन्नास प्रेक्षकांपुढे सुरू झालेल्या या खेळासाठी नॉक्सव्हिलच्या भव्य क्रीडागृहात वीस हजारांहून अधिक लोक जमू लागले. महिना अडीचशे डॉलरवर लागलेल्या प्रशिक्षिकेचे वार्षिक वेतन २००६ मध्ये दहा लाख डॉलरच्या पुढे गेले. विद्यापीठाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारण्याविषयीही त्यांना विचारणा झाली होती. मुलींचा संघ सोडून मुलांच्या संघाकडे जाणे ही बढती आहे, असे त्यांना वाटले नाही. त्यांनी नकार दिला.

शेवटचा हंगाम

२०११ मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, समिट यांना अल्झायमर प्रकारचा स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान झाले. असंख्य डावपेच व शेकडो सामने ज्या बुद्धीत साठविलेले होते, तिच्यावरच हा घाला होता. आजार लपवून ठेवणे शक्य होते. समिट यांनी ऑगस्टमध्ये तो जाहीर केला आणि कोणी कीव करू नये, असेही बजावले. त्याच वर्षी या रोगावरील संशोधनाला व रुग्णांच्या कुटुंबियांना साहाय्य करण्यासाठी त्यांनी एक प्रतिष्ठान स्थापन केले.

२०११-१२ चा हंगाम त्यांनी पदावर राहून पार पाडला. सामन्याच्या वेळचे बरेचसे काम त्यांच्या सहकाऱ्यांनी उचलले. त्यांत अग्रभागी हॉली वॉर्लिक होत्या. एके काळी त्या समिट यांच्याच संघात खेळल्या होत्या आणि नंतर दीर्घकाळ त्यांच्या साहाय्यक होत्या. त्या हंगामातही संघाने २७ सामने जिंकले. एप्रिल २०१२ मध्ये समिट निवृत्त झाल्या आणि मुख्य प्रशिक्षकपद वॉर्लिक यांच्याकडे आले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २८ जून २०१६ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शिक्षकाची स्मृती नाहीशी होऊ लागते, तेव्हा त्याने शिकविलेले कोठे राहते, या प्रश्नाचे उत्तर त्या शेवटच्या हंगामाने दिले. ते शिष्यांच्या हातापायांत आणि सवयींत राहते. त्यांच्या अनेक विद्यार्थिनींनी पुढे प्रशिक्षणाचे क्षेत्र निवडले.

ही कारकीर्द एका व्यक्तीच्या कर्तृत्वाची आहेच. परंतु तिच्या मुळाशी इतरांनी वेळेवर केलेली कामेही आहेत. एका पालकाने मुलीसाठी घर हलविले. विधिमंडळाने एक कलम संमत केले. एका विद्यापीठाने बावीस वर्षांच्या तरुणीवर विश्वास टाकला. यांपैकी कोणतेही काम करताना पुढे आठ अजिंक्यपदे येणार आहेत, हे कोणासही ठाऊक नव्हते. गावच्या शाळेला क्रीडांगण असेल, तर त्यावर मुलींचा तास नियमाने होतो की नाही, एखादी चपळ मुलगी आठवीनंतर मैदानावरून नाहीशी का होते आणि संघात खेळणारी मुलगी वर्गात कोणत्या रांगेत बसते, एवढे तीन प्रश्न शिक्षक व पंचायत-सदस्य यांनी आपापल्या गावी विचारले तरी कामाला आरंभ होईल. ढाली आणि चषक मागाहून येतील. ते न आले, तरी मुलगी शिकून बाहेर पडलेली असेल.