कोयाचा डोंगर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलीच्या बिऱ्हाडी जपानात, ओसाका शहरी, वर्षभर राहण्याचा मला योग आला. त्या वर्षात कोया नावाच्या डोंगरावर मी चारही ऋतूंत जाऊन आले. त्याविषयी चार शब्द सांगावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा आहे.

कूकाई नावाच्या बौद्ध आचार्यांनी इ. स. ८१६ मध्ये हे क्षेत्र स्थापिले. सुमारे ८०० मीटर उंचीवर शंभरावर मठ-मंदिरांचे गावच वसले आहे. ओसाकाहून निघालेली आगगाडी गोकुराकुबाशी, म्हणजे स्वर्गाचा पूल, या स्टेशनावर संपते. पुढे दोराने ओढली जाणारी गाडी आहे. ती १९३० साली सुरू झाली. एकाच दोराच्या दोन टोकांना दोन गाड्या. रहाटाच्या घागरींप्रमाणे एक वर येते तेव्हा दुसरी खाली जाते. पाच मिनिटांत सव्वातीनशे मीटर चढ संपतो. आमच्यासारख्या गुडघे धरलेल्या बायकांची केवढी सोय!

वसंतात ओसाकातील चेरीचा बहर ओसरला, की मग वर कोयावर तो फुलू लागतो. उन्हाळ्यात खाली अंगाची लाही होत असता वर गारवा असतो. १३ ऑगस्टच्या संध्याकाळी, उंच देवदारांखालील समाध्यांच्या वाटेवर लोक पितरांसाठी हजारो मेणबत्त्या लावतात. आपल्या पितृपक्षाची आठवण होते. ऑक्टोबर सरता सरता मेपलची पाने लालभडक होतात. हिवाळ्यात सारे बर्फाने झाकून जाते. सोयाबीनच्या दुधाच्या वड्या थंडीत गोठवून, मग वाळवून टिकवण्याची तिथली जुनी रीत. त्या भिजवून रश्श्यात शिजवतात. मठातल्या ताटात मी त्या आवडीने खाल्ल्या.

आता मुख्य गोष्ट. वरच्या स्टेशनावरून बस निघाली, की वाटेत एक साधेसे लाकडी मंदिर लागते. त्याचे नाव न्योनिन्दो, म्हणजे स्त्रियांची ओवरी. सुमारे हजार वर्षे बायकांना या क्षेत्रात पाऊल टाकण्याची बंदी होती. क्षेत्राच्या सात वाटा, आणि प्रत्येक वाटेच्या वेशीवर अशी ओवरी. आता ही एकच उरली आहे. बायका इथवर चढून येत, रात्र काढीत, भोवतालच्या डोंगरकडांवरून फिरून दुरूनच दर्शन घेत. प्रत्यक्ष कूकाईंच्या मातोश्रींनाही वर जाता आले नाही. त्या पायथ्याशी राहिल्या, आणि मुलगा महिन्यातून नऊ वेळा खाली भेटीस येई, अशी आख्यायिका आहे. कुदोयामा, नऊ वेळांचा डोंगर, हे गावाचे नाव त्यावरूनच पडले म्हणतात. तेथील जिसोन-इन मंदिरात आजही बायका सुखरूप बाळंतपणासाठी नवस करतात.

सरकारने १८७२ साली अशा बंदी उठवल्या. कोयावर त्या प्रत्यक्षात सुटायला विसावे शतक उजाडले. म्हणजे गाडी आली, त्यापूर्वी जेमतेम एका पिढीची ही गोष्ट. गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या जपानी आजीबाईंची आजी कदाचित त्या ओवरीतूनच परतली असेल.

भगिनींनो, तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात, तर गाडीत अवश्य बसा. पण त्या ओवरीपाशी बसमधून उतरा. आत उदबत्ती लावा. आपल्याआधी जिथवर येऊन ज्या थांबल्या, त्यांचे स्मरण करा, आणि मग पुढे चाला.