रक्तातली शिल्लक



पगाराच्या दिवशी खिसा चाचपून कामगाराची परिस्थिती कळत नाही; पतपेढीतली शिल्लक पाहावी लागते. रक्तातील क जीवनसत्त्वाचेही तसेच आहे. रक्तद्रवातले प्रमाण चार दिवसांच्या जेवणावर वरखाली होते. खरी शिल्लक असते पांढऱ्या पेशींत, आणि ती रक्तद्रवाच्या कित्येक पट असते.

१९३९-४० साली बोस्टनचे शल्यवैद्य जॉन क्रॅन्डन यांनी स्वतःच फळे-भाज्या सोडून पाहिल्या. सुमारे ४१ दिवसांत रक्तद्रव रिता झाला. तरी तीन महिन्यांनी मुद्दाम केलेली जखम भरून आली. सहा महिन्यांनंतरची मात्र भरेना, कारण तोवर पेशीही रित्या झाल्या होत्या.

मग पेशीच का तपासत नाहीत? रक्त यंत्रात फिरवून तांबड्या पेशींवरचा पातळ पांढरा थर वेगळा करावा लागतो, थंड ठेवून लगेच आम्ल घालावे लागते; नाहीतर जीवनसत्त्व हवेनेच नासते. रक्त अधिक लागते, खर्चही वाढतो. म्हणून बहुधा रक्तद्रवावरच भागवतात.

धूम्रपानाने ही शिल्लक घटते, हे विड्या वळणाऱ्या आपल्या जिल्ह्याने विसरू नये. पेरू-आवळ्याने ती भरते. आणि तपासणीचा कागद हाती आला, तर एवढे जरूर विचारा: खिसा पाहिलात, की पतपेढी?