काचेंतील अनावर्ती नक्षी

घरांत फरशी बसविणारा गवंडी हातभर भाग नीट जमला कीं निश्चिंत होतो. पुढें तोच भाग सरकवीत न्यावयाचा. रंगीत काचेच्या खिडकीचा कारागीरहि पुष्कळदां असेंच करतो. परंतु रॉजर पेनरोज या इंग्रज गणितज्ञानें १९७४ मध्यें एक निराळीच नक्षी दाखविली. तिचे लहान भाग ठिकठिकाणीं पुन्हां भेटतात. पण सबंध नक्षी कोणीकडेहि सरकविली तरी ती स्वतःशीं तंतोतंत जुळत नाहीं. हीच अनावर्ती नक्षी.

तिचें एक रूप अगदीं साधें आहे. सारख्या भुजांचे दोन चौकोन घ्यावे: एक रुंद, ७२ व १०८ अंशांचा, दुसरा अरुंद, ३६ व १४४ अंशांचा. पांच रुंद चौकोनांचीं टोंकें एकत्र आणिलीं कीं पांच पाकळ्यांचा तारा होतो. श्रोत्यांनीं पेन्सिल घेऊन ताडून पाहावें. मोठ्या पृष्ठावर शंभर अरुंद चौकोनांस सुमारें १६२ रुंद लागतात. काच खरेदी करणाऱ्यास हा हिशेब उपयोगी पडतो.

मात्र कोणती भुजा कोणत्या भुजेस लावावी याचे नियम आहेत, आणि खरी मेख तेथेंच आहे. प्रत्येक तुकडा नियमानें लावीत गेलें तरी पुढें कधीं अशी फट उरते कीं, तींत दोहोंपैकीं एकहि चौकोन बसत नाहीं. चूक कितीतरी तुकडे मागें झालेली असते, आणि त्या वेळीं ती दिसलेली नसते. कागदावर खोडतां येतें. शिशाच्या पट्टीच्या खांचेंत काच बसवून सांध्यांस डाख दिल्यावर काय खोडावयाचें?

म्हणून शहाणा कारागीर कडेकडेनें वाढवीत जात नाहीं. तो मोठ्या चौकोनांपासून आरंभ करतो, ठराविक रेषांनीं त्यांचे लहान चौकोन पाडतो, त्यांचे पुन्हां पाडतो. दर वेळीं भुजा १.६१८ पटीनें लहान होते. असा संपूर्ण आराखडा कागदावर उतरल्यावरच हिरकणी हातीं घ्यावयाची. पट्टीच्या मधल्या कण्याची जाडीहि प्रत्येक तुकड्यांतून वजा करावी लागते. नाहींतर खिडकी चौकटींत मावत नाहीं.

पेनरोजचीच पतंग व बाण ही दुसरी जोडी दिसण्यांत अधिक मोहक आहे. परंतु बाणास २१६ अंशांचा आंत वळलेला कोन आहे, आणि अशा कोपऱ्यांत काच थांबत नाहीं. चीर पुढें धांवते. बाण दोन तुकड्यांत कापून मध्यें शिसें घालणें हाच सोपा उपाय.

२०२२ मध्यें डेव्हिड स्मिथ या हौशी इंग्रज गृहस्थास टोपीसारखा तेरा बाजूंचा एक आकार सांपडला. तो एकटाच अनावर्ती नक्षी भरतो, हें त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध केलें. त्यांत कांहीं तुकडे उलटे घालावे लागतात. दोन्ही बाजूंनीं सारख्या काचेस त्याची अडचण नाहीं. एका बाजूनें खरबरीत असलेल्या काचेचे ते तुकडे मात्र आरशांतल्यासारखा उलटा आकार आखूनच कापावे लागतात. आणि आंत वळलेले कोन तेथेंहि आहेतच.