बळाचे मौन

पत्त्यांच्या डावात हलक्या पानांवर धिटाई करणे एक वेळ सोपे. हाती बळ असता गप्प राहणे कठीण.

अमेरिकेतील लास वेगास येथे १९८८ साली भरलेल्या पोकरच्या जागतिक स्पर्धेत अखेरीस जॉनी चॅन आणि एरिक साइडेल हे दोघेच उरले. चॅनच्या हाती गुलाम व नव्वी होती. मध्ये दोघांसाठी सामाईक अशी पहिली तीन पाने उघडली : राणी, दश्शी, अठ्ठी. चॅनची पाच पाने ओळीने जुळली. त्या क्षणी त्याहून वरचढ हात संभवतच नव्हता. साइडेलची राणीची जोडी जमली होती.

चॅन त्वेषाने पुढे सरसावता, तर साइडेल सावध होऊन पाने टाकता. म्हणून त्याने बळ झाकले आणि चढाई प्रतिस्पर्ध्यावर सोपवली. यात धोका होताच. उरलेली दोन्ही पाने प्रतिकूल पडती, तर जिंकलेला डाव हातचा जाता. परंतु दुर्री आणि छक्की निघाली. साइडेलने सर्वस्व पणाला लावले, आणि चॅन लागोपाठ दुसऱ्या वर्षी विजेता ठरला.

आक्रमकाला थोपवण्याची घाई दुबळ्याने करावी. समर्थाने धोका तोलावा, आणि तो अल्प असेल तर वाट मोकळी ठेवावी.