पानगीवरील प्राणी

(घोडबंदर रस्त्यावरील चेणे येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय 'घरच्या जेवणातील प्राण्यांचे आकार' असा जाहीर झालेला पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. शिक्षकांच्या सभेत पटनोंदणी, गळती, वाचन-लेखन यांची चर्चा व्हावयाची. तेथे पानगीचे काय काम, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु मला बोलावयाचे आहे ते वाचन-लेखनाविषयीच. पेन्सिल हाती देताच ज्याची बोटे आखडतात असे मूल आणि शाळेत महिनोन्महिने तोंड न उघडणारे मूल, ही दोन्ही मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. पहिल्याला आपण गिरवण्याची पाने वाढवून देतो, दुसऱ्याला 'बोल, बोल' म्हणून दटावतो. दोघांच्याही घरी, चुलीजवळ, याहून बरे साधन पडलेले असते.

खाद्यपदार्थाला आकार देणे आपल्याकडे नवे नाही. आषाढी अमावास्येस कणकेचे गोड दिवे उकडून तुपाबरोबर खातात. पाडव्याला साखरेच्या गाठी असतात. गणेशचतुर्थीस मोदकांची उकड थोडी उरली की एखादी आजी तिचा उंदीर वळते, मिऱ्याचे दोन डोळे लावते आणि नातवाच्या हातावर ठेवते. पाश्चात्त्य देशांतही सुटीच्या सकाळी तव्यावर जाड, गोड धिरडी घालून त्यांना अस्वलाचा, सशाचा आकार देण्याची हौस पुष्कळ घरांत आहे. आपल्याकडील घावनाला मात्र हा आकार साधत नाही. घावनाचे पीठ ताकासारखे पातळ. तव्यावर पडताच ते पसरते व त्याला जाळी पडते. तीच त्याची शोभा. आंबोळीचे पीठ दाट असते व आकार धरते, पण तापलेल्या तव्यावर सहा वर्षांच्या मुलाचा हात न्यावयाचा कसा?

या अडचणीवर आपल्या कोकणपट्टीने फार पूर्वीच तोड काढून ठेवली आहे, ती म्हणजे पानगी. तांदळाचे पीठ केळीच्या पानावर थापावयाचे, वरून दुसरे पान ठेवावयाचे आणि ते सगळेच तव्यावर भाजावयाचे. आकार देण्याचे काम थंड पानावर, जमिनीवर बसून होते. तव्याशी संबंध येतो तो आईचा. मुलाने तव्यापासून दोन हात दूर बसावे, एवढा एकच नियम शिक्षकाने निक्षून सांगावा.

कृती आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. तरी आकारासाठी जे फरक करावे लागतात तेवढे सांगतो. दोन वाट्या तांदळाच्या पिठाला अर्धी-पाऊण वाटी गूळ पाण्यात विरघळवून घ्यावा, चिमूटभर मीठ घालावे. पीठ इतके दाट असावे की त्यात बोटाने ओढलेली रेघ लगेच मिटू नये. पान विस्तवावरून एकदा फिरवले म्हणजे नरम पडते व चिरत नाही. त्याला तेलाचे बोट लावावे. तान्ह्या मुलास दूध पाजावयाचे जुने बोंडले घरात असेल तर ते पीठ ओतावयास उत्तम. नसेल तर साधा चमचा पुरे. आधी धड, मग डोके, मग पाय व शेपूट. पाय फार बारीक केले तर उलटताना तुटतात, हे मुलाला सांगू नये. एकदा तुटू द्यावे. वरचे पान दाबू नये, नाही तर सशाचे कासव होते. मंद आचेवर कडा पानापासून सुटू लागल्या की आईने ती उलटावी. पान करपल्याचा जो वास पानगीला येतो, तो मुलांना आवडतो.

तांदळाची पानगी फिकट राहते, म्हणून डोळे, पट्टे, ठिपके यांसाठी थोडे नाचणीचे पीठ पाण्यात कालवून वेगळे ठेवावे. त्याची रेघ तांबूस-काळी उमटते. शिवाय नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते अगदीच थोडे. शोभेसाठी आलेली नाचणी पोटात राहते, हा लाभ कमी नव्हे.

आता यात शिक्षण कोठे आले? चेणे गावाचेच उदाहरण घ्या. गाव आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, रस्त्याकडेला उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरीही एका अंगास वसईची खाडी आणि दुसऱ्या अंगास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहेच. येथील मुलाला 'पाणघोडा काढ' म्हणून सांगणे व्यर्थ आहे. त्याला निवटी काढावयास सांगा. खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवटीचे डोळे डोक्याच्या माथ्यावर असतात, ते आपल्यापैकी कितीजणांनी नीट पाहिले असतील? मुलाने पाहिलेले असतात. तो ते बरोबर जागी ठेवील, आणि आपण विचारले तर का ते सांगेलही. गप्प बसणाऱ्या मुलाचे पहिले वाक्य पुष्कळदा असेच बाहेर पडते, कारण या विषयात त्याला गुरुजींपेक्षा अधिक माहिती असते.

तसेच वाघाचे. बोलताना आपण बिबट्यालाही वाघच म्हणतो. पानगीवर तो काढावयाचा झाला की पट्टे द्यावयाचे की ठिपके, याचा निर्णय करावाच लागतो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात मोकळा फिरतो तो ठिपक्यांचा बिबट्या. आश्विन वद्य द्वादशीस एका घरी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते आणि त्याच तिथीस आदिवासी पाड्यांवर वाघबारस पाळून वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. एकाच वर्गातील दोन मुले या दोन घरांतून येतात. त्यांच्या दोन पानग्या शेजारी ठेवल्या म्हणजे परिसर अभ्यासाचा पाठ वेगळा शोधावा लागत नाही. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जाऊ नये, हेही त्याच ओघात सांगता येते व मनावर ठसते.

उजव्या बाजूस तोंड केलेला ससा उलटल्यावर डाव्या बाजूस पाहू लागतो, हे मुलाला प्रथम खरेच वाटत नाही. अक्षरे उलटी काढणाऱ्या मुलाला हा अनुभव दोन-तीनदा मिळाला की डावे-उजवे त्याच्या ध्यानात येऊ लागते, असे मी पाहिले आहे. हाताची पकड, ओतताना हात थांबवण्याची सवय, रेघ जेथे हवी तेथेच संपवणे, ही सारी लेखनाची पूर्वतयारीच आहे.

हे विचार माझे एकट्याचे नव्हेत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्यात माँटेसोरीच्या महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे वापरले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांमागे कुरणात नेली. बोर्डी व कोसबाड २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती, आता ती पालघर जिल्ह्यात आहेत. पण तो वारसा आपला नाही असे त्यामुळे ठरत नाही. वारल्यांची चित्रेही तांदळाच्या पिठानेच काढलेली असतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो. २०११ मध्ये पद्मश्रीने गौरवलेले जिव्या सोमा म्हसे याच पिठाने जगभर पोहोचले. पानगीवरचे पीठ त्याहून दाट, एवढाच काय तो फरक.

गणिताविषयी एक गोष्ट सांगतो. घरातल्या प्रत्येकाला एक प्राणी, असे मी एका शाळेत मुलांना सांगितले होते. दुसऱ्या दिवशी एका मुलीने घरी पाच माणसे आणि पाच पानग्या असा हिशेब दिला. नावे घ्यावयास सांगितली, तेव्हा बाबा, आजोबा, दोन भाऊ आणि ती स्वतः, अशी पाच झाली. "आणि आई?" "आई मागून जेवते." त्या मुलीचे मोजणे चुकले नव्हते, पानांवर बसणारी माणसे तिने बरोबर मोजली होती. त्या दिवसापासून मी 'प्रत्येकाला एक' असे मोघम सांगत नाही. पहिली पानगी आईची, तिला कोणता प्राणी आवडतो ते विचारून करावयाची, आणि तिने ती सर्वांबरोबर बसून खाल्ली की नाही ते मला येऊन सांगावयाचे, असे सांगतो. काही घरांतून यावर कुरकुर ऐकू आली. ती ऐकून घ्यावी.

शिक्षकांनी स्वतः काय टाळावे, तेही बोलले पाहिजे. हा गृहपाठ करू नये व त्याला गुण देऊ नयेत. भ्रमणध्वनीवर छायाचित्रे मागवण्याची नवी रीत पडली आहे, ती येथे कृपा करून आणू नये. छायाचित्र मागितले की प्राणी मोठ्या बहिणीच्या हातचा होतो. आणि आपल्या वर्गात अशीही मुले असतात, ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ज्यांच्या घरी संध्याकाळी चूल पेटेलच याची खात्री नसते. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर 'तू काय केलेस?' असे विचारणे हा क्रूरपणा आहे. वर्गात असे एकही मूल असेल, तर हा उपक्रम घरी न देता मुख्याध्यापकांच्या संमतीने, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंच्या मदतीने शाळेतच करावा. किलोभर पीठ वर्गाला पुरते.

कोणत्या घरी कोणता प्राणी चालत नाही, हेही आधी विचारून घ्यावे. गाईचा आकार मोडून खाणे एखाद्या आजीला रुचणार नाही. तेथे मोर करावा. केळीची पाने श्रावण-भाद्रपदात मुबलक असतात, म्हणून तेच दिवस सोयीचे. नागपंचमीस मात्र हा बेत ठेवू नये, कारण त्या दिवशी अनेक घरांत तवा चढवत नाहीत व काही चिरत-कापत नाहीत. आदल्या शनिवारी करावा. पाने पुसून त्यांना तेल लावण्याचे काम मुलांकडेच द्यावे. न वापरलेली पाने शेजारच्या गोठ्यात पोहोचवून यावीत, गुरे ती आवडीने खातात.