शब्द घरातूनच मिळू देत

आमच्या घरात दखनी बोलतात, दाराबाहेर मराठी. दोन्ही भाषांत शरीरसंबंधांवरून शिव्या भरपूर आहेत. मुलाशी नीट बोलायचे शब्द मात्र आपल्या ओठांवर येत नाहीत.

पुण्यातला कर्वे रस्ता महर्षींच्या नावाचा. त्यांचे थोरले चिरंजीव र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिकातून गुप्तरोग, संततिनियमन यांवर साध्या मराठीत लिहीत राहिले. त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ साली त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं.

म्हणजे शब्द आहेत, लाजतो आपण. मुलांना सांगा : एचआयव्हीची लागण असुरक्षित संबंधांतून, दूषित रक्तातून, सुईतून आणि आईकडून बाळाला होते, एका ताटात जेवल्यानं नाही. निरोधनं धोका पुष्कळ कमी होतो. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत होते आणि २०१७ च्या कायद्यानुसार ती गुप्त ठेवावी लागते. शंका असेल तर १०९७ वर फोन करावा. लागण झालीच, तरी रोजच्या गोळ्या वेळेवर घेऊन माणूस दीर्घकाळ जगतो.

आपण गप्प बसलो तरी मूल ऐकणारच आहे. कुणाकडून ऐकेल, हे मात्र मग आपल्या हातात राहत नाही.